ज्येष्ठ मी, पगार त्याचा जास्त! पदोन्नतीचा 'विकल्प' नक्की काय असतो?

दौत_टाक, रविवार
नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

मी राज्य शासनाच्या एका खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचं कार्यालय, खात्याचं नाव घेत नाही. माझ्याबरोबर एकाच महिन्यात एक जण लिपिक म्हणून लागला. निवड यादीत तो माझ्या दोन नंबर खाली, ज्येष्ठता यादीतही खाली. त्याला इथे 'मित्र' म्हणू, कारण तो खरंच मित्र आहे.

१० मार्च २०२१ ला माझी पदोन्नती झाली, एस-६ या वेतनस्तरातून एस-८ मध्ये. पुढे एकाने पदोन्नती नाकारली, ती जागा मित्राला मिळाली. त्याचा आदेश १७ मेचा, दुसऱ्या तालुक्यात. त्या वेळी दोघांचं मूळ वेतन सारखंच होतं, २४,५००. दोघांची वेतनवाढ जुलैची.

गेल्या महिन्यात तो बदलून आमच्याच कार्यालयात आला. पगारपत्रकाची प्रत टेबलावर उघडी पडली होती, नको तिथे डोळा गेला. त्याचं मूळ वेतन माझ्यापेक्षा एक पायरी वर! चहाला त्याला विचारलं, तर म्हणतो, "मी विकल्प दिला होता. तू नाही दिलास?"

मी चहा संपवला आणि गप्प बसलो. विकल्प म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. आयुष्य आवक-जावक आणि भांडारात गेलं, आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-वेतनाचं टेबल कधी वाट्याला आलं नाही. आता प्रश्न असे: (१) हे नियमात बसतं का? (२) पाच वर्षांनी काही करता येतं का? (३) मी अर्ज केला तर त्याचं वेतन धोक्यात येईल का? तिसरा प्रश्न माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

ढकलगाडी, रविवार
पहिला धडा: दुसऱ्याच्या पगारपत्रकाकडे बघू नये. दुसरा धडा: बघितलंच तर चहाचे पैसे त्याला द्यायला लावावेत. :)

कोडवाला, रविवार
गंमत म्हणून नाही, खरंच विचारतो. एका पायरीचा फरक म्हणजे किती? सात-आठशे रुपये? आमच्याकडे शेजारच्या खुर्चीवरचा किती घेतो हेच माहीत नसतं, आणि कळलं तर फरक लाखांत निघतो. एवढ्यासाठी मैत्रीत मिठाचा खडा कशाला?

झेडपीचा_पोर, रविवार
@कोडवाला, ते सातशे-आठशे 'मूळ वेतनात' आहेत हो. त्यावर महागाई भत्ता, तो आता ५० टक्क्यांच्या पुढे गेलाय. त्यावर घरभाडं. पुढच्या प्रत्येक वेतनवाढीचा पाया तोच. पुढचा वेतन आयोग आला की गुणाकार त्याच आकड्याचा. रजेचं रोखीकरण, उपदान (ग्रॅच्युइटी), सगळं त्याच्यावरून. सरकारी नोकरीत मूळ वेतन म्हणजे घराचं जोतं. ते एक वीत खाली राहिलं की वरचे मजलेही तेवढेच खाली.

दौत_टाक, तुमचा गुणाकार मात्र नीट झालाय का बघा. जुन्या वेतनाला २.५७ ने गुणून जो आकडा येतो तो तक्त्यात शोधायचा. पदोन्नतीलाही तेच केलं असणार.

जमाखर्च, सोमवार
वरच्या प्रतिसादातला शेवटचा परिच्छेद चुकीचा आहे. २.५७ चा गुणाकार फक्त एकदा, १ जानेवारी २०१६ ला, सहाव्या आयोगाच्या रचनेतून सातव्याच्या रचनेत येताना. ३१ डिसेंबर २०१५ चं वेतनबँडमधलं वेतन अधिक ग्रेड पे, गुणिले २.५७, आणि तक्त्यातल्या आपल्या स्तराच्या स्तंभात त्याच्या बरोबरीचा किंवा लगत वरचा आकडा. पदोन्नतीशी त्याचा संबंध नाही.

मी लेखा सेवेतून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं दुसऱ्यांची सेवापुस्तकं, म्हणजे नोकरीभरच्या नोंदींची पुस्तकं, तपासण्यात गेली, त्यामुळे हा विषय दिसला की हात शिवशिवतात. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

पदोन्नतीची वेतननिश्चिती दोन प्रकारे होते. विकल्प दिला नाही, तर पदोन्नतीच्या दिवशीच: जुन्या स्तरात एक वेतनवाढ द्यायची, आणि तो आकडा नव्या स्तरात बरोबरीचा असेल तर तो, नसेल तर लगत वरचा. तुमचं २४,५०० होतं. एस-६ च्या स्तंभात पुढची पायरी २५,२००. आता एस-८ मध्ये बघा, तिथे सुरुवातच २५,५०० पासून. म्हणून १० मार्चला तुम्ही २५,५०० वर बसलात. हे बरोबरच आहे.

विकल्प म्हणजे असं सांगणं की माझी निश्चिती आज नको, जुन्या पदावरच्या पुढच्या वेतनवाढीच्या तारखेला करा. मग पदोन्नतीच्या दिवशी जुन्या स्तरातली वाढ मिळत नाही, नुसतं नव्या स्तरात लगत वरच्या आकड्यावर बसवतात. आणि १ जुलैला दोन वाढी एकत्र: एक वार्षिक, एक पदोन्नतीची. मित्राचं गणित करा. १७ मेला २४,५०० च्या वरचा एस-८ मधला आकडा? तोही २५,५००, कारण त्याखाली काही नाहीच. मग १ जुलैला एस-६ मध्ये दोन वाढी: २४,५०० चे २५,२००, त्याचे २६,०००. एस-८ मध्ये २६,००० नाही, लगत वरचा २६,३००. तो २६,३०० वर, तुम्ही २५,५०० वर.

सहसा विकल्प देणाऱ्याला मधले काही महिने थोडं कमी मिळतं आणि पुढे फायदा होतो. म्हणून माणूस विचार करतो, घरी कागदावर आकडेमोड करतो. तुमच्या बाबतीत मधल्या महिन्यांचाही तोटा नव्हता, कारण दोन्ही वाटा २५,५०० वरूनच जात होत्या. विकल्प न देण्याचं एकही कारण नव्हतं. माहिती नसणं सोडून.

पुढच्या वेतनवाढींचा हिशेब सेवापुस्तक बघितल्याशिवाय करत नाही, ती सवय नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मित्राचं वेतन नियमात आहे.

आंबोळी, सोमवार
काका, इतकं सोपं करून आम्हाला कार्यालयात कुणी कधीच सांगितलं नाही. वाचनखूण साठवली. मी अनुदानित शाळेत आहे, आमची तर तऱ्हाच वेगळी. शालार्थ या शाळांच्या पगारप्रणालीत एकदा आकडा चढला की तो देवाने लिहिलेला. माझ्या एका सहकारी बाईंचं वेतन दोन वर्षं चुकीच्या स्तंभात होतं. विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, "सिस्टीम घेत नाही."

ढकलगाडी, सोमवार
'सिस्टीम घेत नाही' हे वाक्य महाराष्ट्राच्या राजमुद्रेखाली कोरायला हवं.

मिरजकर, सोमवार
जमाखर्च साहेबांना एक शंका. धागाकर्त्याला दहा वर्षांचा आश्वासित प्रगतीचा लाभ आधीच मिळाला असेल, तर पदोन्नतीला परत वेतननिश्चिती कुठून? आमच्यात एकाने असा डबल लाभ घेतला आणि पडताळणीत चांगलाच गावला.

दौत_टाक, सोमवार
नाही, दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच पदोन्नती झाली.

जमाखर्च, तुमचे आभार कसे मानू. पण 'माहिती नसणं सोडून' हे वाक्य दिवसभर डोक्यात फिरत होतं.

जमाखर्च, सोमवार
मिरजकर, शंका रास्त आहे. इतरांसाठी थोडक्यात: पदोन्नतीची जागा नसली तरी माणूस एकाच वेतनात कुजू नये म्हणून १९९५ मध्ये कालबद्ध पदोन्नती आली, १२ वर्षांनंतर. २००१ मध्ये तिची सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना झाली. २०१० मध्ये १२ आणि २४ वर्षं असे दोन लाभ झाले. आणि २ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने १०, २० आणि ३० वर्षं असे तीन, १ जानेवारी २०१६ पासून. लाभ म्हणजे वेतन वरच्या पदाचं, काम आणि खुर्ची खालच्या पदाची. नंतर खरी पदोन्नती त्याच स्तरात झाली तर नव्याने निश्चिती नाही. दौत_टाक यांचा तो प्रश्न येत नाही.

अकरामहिने, सोमवार
तुमचं सगळं वाचतोय आणि हसावं की रडावं कळत नाही. मी याच जगात आहे, फक्त भिंतीच्या पलीकडे. संगणक चालक, कंत्राटी. एस-६ ची आणि एस-८ ची वेतनदेयकं मीच सेवार्थ या पगारप्रणालीत भरतो. कुणाची वाढ कधी, कुणाचा विकल्प, कुणाची वसुली, मला तोंडपाठ. माझी स्वतःची पातळी? नाही. स्तंभ? नाही. मला मिळतो तो मोबदला, आणि तोही एजन्सीने आपला वाटा काढून घेतल्यावर.

'समान कामाला समान वेतन' असं सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ ला पंजाबच्या जगजित सिंग प्रकरणात म्हटलंय: नियमित कर्मचाऱ्याचंच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला निदान त्या वेतनश्रेणीचं किमान वेतन द्या. आमच्या खोलीत त्या निकालाची छापील प्रत आहे. तिच्यावर चहाचा कप ठेवतो.

चौपन्न_दिवस, मंगळवार
अकरामहिने, तुमचं लिहिणं लागलं. आमच्या काळी असं दोन भिंतींचं जग नव्हतं, पण भिंत होतीच. केंद्राच्या कारकुनाला एक महागाई भत्ता, राज्याच्या कारकुनाला दुसरा, आणि दोघं एकाच बाजारात भाजी घ्यायचे. १९७७ च्या डिसेंबरात राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो ५४ दिवस चालला. केंद्राइतका महागाई भत्ता हीच मुख्य मागणी. माझी नोकरी तेव्हा तीन वर्षांची. वाण्याने वहीवर उधारी दिली म्हणून घर चाललं. आमच्यातला एक जण मागच्या दाराने जाऊन हजेरीवर सही करायचा. तो पुढे साहेब झाला, ही वेगळी गोष्ट.

आज तुम्हा पोरांना 'केंद्राप्रमाणे' हा शब्द सहज वाटतो. तो असा मिळालाय.

झेडपीचा_पोर, मंगळवार
_/\_ काका. आणि तेच 'केंद्राप्रमाणे' पेन्शनला लावलं असतं तर... असो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं, म्हणजे जुनी पेन्शन नसलेल्यांचं दुःख कुणाला सांगणार. मार्च २०२३ चा संप आठवतो का?

मिरजकर, मंगळवार
जुनी पेन्शन मिळालीच पाहिजे. +१००

कोडवाला, मंगळवार
आमच्या करातून? :)

मिरजकर, मंगळवार
आम्ही कर भरत नाही काय ओ? आमचा तर पगारातनंच कापून जातोय, लपवायला पण जागा नाही.

संपादक मंडळ, मंगळवार
जुन्या पेन्शनवर तीन धागे आधीच चालू आहेत. पुढचे सहा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे मूळ विषयावर बोलूया.

पोटोमॅक_काठी, मंगळवार
मी वॉशिंग्टनजवळ असते आणि इथल्या केंद्र सरकारच्या एका खात्यात याच प्रकारचं काम करते, पदांचं वर्गीकरण. म्हणून धागा अगदी चवीने वाचला.

इथला सर्वसाधारण तक्ता १९४९ च्या वर्गीकरण कायद्यातून आलेला. १५ श्रेण्या, प्रत्येकीत १० पायऱ्या. पहिल्या तीन पायऱ्या चढायला दर वेळी एक वर्ष, पुढच्या तीनला दोन-दोन, शेवटच्या तीनला तीन-तीन. म्हणजे एकाच श्रेणीत वर पोचायला १८ वर्षं. ही रचना तुम्हाला ओळखीची वाटेल.

फरक आहे तो श्रेणी ठरवण्यात. पदाचं लेखी वर्णन असतं आणि बऱ्याचशा पदांना नऊ घटकांवर गुण देतात: किती ज्ञान लागतं, वरिष्ठांची देखरेख किती, मार्गदर्शक नियम किती स्पष्ट आहेत, काम किती गुंतागुंतीचं, त्याचा परिणाम कुठवर जातो, कुणाशी आणि कशासाठी संपर्क येतो, शारीरिक श्रम, कामाची जागा. बेरीज करून श्रेणी. आणि कर्मचाऱ्याला वाटलं की आपलं काम श्रेणीपेक्षा वरचं आहे, तर तो फेरतपासणी मागू शकतो. मग माझ्यासारखी कुणीतरी वही घेऊन त्याच्या टेबलाशी बसते आणि विचारते, काल काय केलं, परवा काय केलं, हा निर्णय तुम्ही घेतला की साहेबांनी.

माझा प्रश्न: आपल्याकडे 'अकरामहिने' यांच्यासारख्या माणसाच्या टेबलाशी असं कुणी येऊन बसतं का?

ढकलगाडी, मंगळवार
येतात ना. "पंखा बंद करा, वीज वाचवा" सांगायला.

जमाखर्च, मंगळवार
ताई, प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. आपल्याकडे वेतन पदनामाला चिकटलेलं असतं. लिपिक म्हटलं की एस-६, मग तो आवक-जावक करो की अख्ख्या जिल्ह्याचा अर्थसंकल्प जुळवो. एकट्या माणसाच्या टेबलाशी कुणी बसत नाही. बसतात ते समितीपुढे, संवर्गाच्या संवर्ग. राज्यात सातव्या आयोगासाठी के. पी. बक्षी यांची समिती होती. तिच्या पहिल्या अहवालावरून १ जानेवारी २०१६ पासूनचं वेतन २०१९ मध्ये हातात आलं. वेतनातल्या त्रुटींचा दुसरा खंड शासनाने २०२३ मध्ये स्वीकारला. तरी तक्रारी राहिल्या, म्हणून २०२४ मध्ये मुकेश खुल्लर समिती. प्रत्येक वेळी संघटना निवेदनं घेऊन रांगेत. आमचं पद अमक्या खात्यातल्या तमक्या पदाशी समकक्ष होतं, चौथ्या आयोगात बरोबरीत होतो, पाचव्यात मागे पडलो, हा युक्तिवाद. कामाची चर्चा कमी, वंशावळीची जास्त. आणि संघटनेचा आवाज जेवढा मोठा, तेवढी त्रुटी ठळक. ज्या पदावर राज्यात मिळून पंधरा माणसं, त्यांचं निवेदन कोण वाचणार?

आंबोळी, मंगळवार
पदनामं मात्र हौसेने बदलतात. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले.

मिरजकर, मंगळवार
पाटी बदलली, एस-८ तेच. आमच्या गावात अजून तात्यालाच विचारत्यात, "तलाठी आप्पा, सातबारा कधी मिळंल?"

पोटोमॅक_काठी, मंगळवार
जमाखर्च, आमच्याकडचंही फार गोड मानू नका. पदाचं वर्णन लिहिणारा अधिकारी आपल्या माणसाला श्रेणी मिळावी म्हणून साध्या कामाला मोठे शब्द चढवतो. आणि फेरतपासणीत श्रेणी खालीही येऊ शकते. मागणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं, मग निम्मे लोक अर्ज मागे घेतात. :)

दौत_टाक, बुधवार
चर्चा फारच छान चालली आहे, पण माझा तिसरा प्रश्न तसाच राहिला. मी 'कनिष्ठाएवढं वेतन द्या' असा अर्ज केला आणि त्यावरून कुणी मित्राचंच सेवापुस्तक उघडलं तर? कार्यालयात काही लोक म्हणतात, "तक्रार केली की दोघांची चौकशी लागते."

सांडशी, बुधवार
माझ्या वडिलांचा अनुभव लिहिते. ते गट क मधून निवृत्त झाले. निवृत्तीला चार महिने असताना सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं आणि आक्षेप घेऊन परत आलं: अकरा वर्षांपूर्वीची एक वेतनवाढ जास्तीची दिली आहे, तेव्हापासूनची वसुली करा. रक्कम दीड लाखाच्या वर. चूक करणारा लिपिक केव्हाच बदलून गेलेला, सही करणारे साहेब वारलेले. बाबा आठ दिवस जेवले नाहीत. त्यांना पैशापेक्षा 'जास्तीचे घेतले' हा शब्द झोंबला.

एका ओळखीच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह निकाल दाखवला, डिसेंबर २०१४ चा. गट क आणि ड कडून, निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, किंवा पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर, अशी वसुली करता येत नाही. बाबा तिन्हींत बसत होते. निवेदन दिलं, वसुली थांबली. वेतन मात्र कमी करून निश्चित केलं आणि निवृत्तिवेतन त्यावर बसलं. ते आम्ही मान्य केलं.

झेडपीचा_पोर, बुधवार
म्हणजे रफिक मसीह आहे म्हटल्यावर घाबरायचं कारण नाही. कितीही चूक असली तरी वसुली नाही. दौत_टाक, बिनधास्त अर्ज करा.

जमाखर्च, बुधवार
'बिनधास्त' नको. सांडशी यांच्या वडिलांचं झालं ते योग्यच झालं. पण २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलंय, वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम आढळल्यास परत करीन' असं लिहून दिलेल्याला रफिक मसीहचा आधार घेता येत नाही. तो अधिकारी न्यायिक सेवेतला होता, गट क ला ते कितपत लागू पडतं यावर वकील भांडतात. पण सातव्या आयोगाच्या निश्चितीवेळी तुम्ही सगळ्यांनी असं वचनपत्र भरून दिलंय. आठवतंय का? नाही आठवणार. साहेबांनी सांगितलं इथे सही कर, केली.

आता दौत_टाक यांचा तिसरा प्रश्न. मित्राने एक महिन्याच्या आत विकल्प दिला असेल आणि त्याची नोंद सेवापुस्तकात असेल, तर त्याच्या वेतनाला कुणी हात लावू शकत नाही. चूकच नाही तर वसुली कसली?

पण तुमच्यासाठी वाईट बातमी. 'कनिष्ठाएवढं वेतन' मागायचं तर फरक हा नियमामुळेच पडलेला असावा लागतो. कनिष्ठाने विकल्प वापरला, ज्येष्ठाने वापरला नाही, या कारणाने पडलेला फरक त्यात बसत नाही. त्या वाटेने गेलात तर अर्ज फेटाळला जाईल, आणि फेटाळलेला अर्ज पुढच्या अर्जाच्या पायात येतो. म्हणून त्या वाटेने जाऊ नका. दोन कागद शोधा. एक, तुमचं सेवापुस्तक: मार्च-एप्रिल २०२१ च्या पानांवर विकल्पाबद्दल काही आहे का. दोन, तुमचा पदोन्नतीचा मूळ आदेश. त्यात 'वेतननिश्चितीबाबत एक महिन्याच्या आत विकल्प द्यावा' अशा अर्थाची ओळ आहे का ते बघा. मग इथे लिहा.

अकरामहिने, बुधवार
सेवापुस्तकाची दुय्यम प्रत तुमच्याकडे असायला हवी होती. असेल तर तुम्ही महाराष्ट्रातले दुर्मीळ प्राणी आहात.

ढकलगाडी, बुधवार
आमच्या हिच्याकडे माझं सेवापुस्तक आहे. दुय्यम प्रतही तिच्याकडेच. सगळ्या नोंदी प्रतिकूल.

दौत_टाक, पुढचा सोमवार
उशीर झाला, सेवापुस्तक मिळवायला चार दिवस गेले. कपाटात नव्हतं. सातव्या आयोगाच्या पडताळणीसाठी पाठवलेल्या गठ्ठ्यात होतं. गठ्ठा परत येऊन खूप दिवस झाले होते, सोडला कुणी नव्हता. लाल कापड, सुतळी, वर पालीची अंडी.

पान सापडलं. विकल्पाची नोंद नाही. पण आदेश वाचून मी खुर्चीतच बसून राहिलो. माझ्या १० मार्चच्या आदेशात ती ओळच नाही. नऊ जणांची नावं, पदस्थापना, 'तात्काळ कार्यमुक्त करावे', खाली सही. संपलं. मित्राच्या मेच्या आदेशात अट क्रमांक ६ मध्ये विकल्पाचं वाक्य ठळक छापलेलं आहे. मधल्या दोन महिन्यांत त्या टेबलावरचा लिपिक बदलला होता. जुन्याने आदेशाचा जुना नमुना वापरला, नव्याने नवा.

नऊपैकी बाकीच्या आठ जणांना फोन केले. एकानेही विकल्प दिलेला नाही. दोघांना तर अजून वाटतं, विकल्प म्हणजे बदलीचा.

सांडशी, सोमवार
अरे देवा. एका ओळीपायी नऊ माणसं.

जमाखर्च, सोमवार
हे चांगलं झालं. वाईट झालं, पण चांगलं झालं. आता 'विलंब क्षमापित करून विकल्प स्वीकारावा' असा अर्ज करा, कार्यालयप्रमुखांमार्फत. दोन्ही आदेशांच्या प्रती जोडा. मित्राचं नाव नका घेऊ, 'त्याच संवर्गातील त्यानंतरचा आदेश' एवढंच म्हणा. जमलं तर नऊ जणांनी वेगवेगळे, पण एकाच दिवशी अर्ज करा. आणि थकबाकीचा आग्रह पहिल्या परिच्छेदात नको. आधी वेतन दुरुस्त होऊ दे. मंजूर होईलच असं मी म्हणणार नाही, मंजूर करणारा माणूस त्या दिवशी कसा उठलाय यावरही असतं. पण हा अर्ज टिकणारा आहे.

चौपन्न_दिवस, सोमवार
नऊ जण म्हणजे छोटी संघटनाच की. एकत्र जा. आणि अकरामहिने यांनाही बरोबर घ्या, सेवार्थमधला जुना तपशील तेच काढून देतील.

अकरामहिने, सोमवार
काढून देतो. फुकट. सवय आहे.

दौत_टाक, गुरुवार
काल नऊही अर्ज आवक झाले. आवकचा शिक्का मीच मारला, जुनं टेबल, हात बसलेला आहे. @अकरामहिने, तुमच्यासारखाच आमच्या कार्यालयातला मुलगा रात्री आठपर्यंत थांबला आणि नऊ जणांचे वेतन तपशील काढून दिले. त्याला जेवायला घेऊन गेलो होतो. त्याने विचारलं, "सर, मला कधी विकल्प देता येईल?" मला उत्तर सुचलं नाही.

एक गोष्ट आधी सांगितली नव्हती. मित्र बदलून आला तो आस्थापनेच्याच टेबलावर. म्हणजे आमच्या नऊ अर्जांवर टिपणी लिहायची आहे ती त्याने. मी आवकचा गठ्ठा घेऊन गेलो तेव्हा त्याने वरचा अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि पहिला प्रश्न केला, "यात माझं नाव का नाही घातलंस? माझा आदेश जोडल्याशिवाय टिपणी उभीच राहणार नाही."

ढकलगाडी, गुरुवार
मग?

दौत_टाक, गुरुवार
मग काय, त्याने स्वतःच स्वतःच्या आदेशाची साक्षांकित प्रत काढली आणि परिशिष्ट 'ब' म्हणून लावली. नस्ती आज सकाळी साहेबांच्या टेबलावर गेली. टिपणी साडेतीन पानांची आहे. शेवटी 'मान्यतेस्तव सादर'.

मिरजकर, गुरुवार
साडेतीन पानं? साहेब वाचत्यात होय?

जमाखर्च, गुरुवार
शेवटची ओळ वाचतात. ती बरोबर आहे.